वयाचा रकाना नसलेला तक्ता

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने बार्शीटाकळीच्या एका शाळेत जाण्याचा योग आला. प्रयोगांची मांडणी ज्या वर्गखोल्यांत केली होती, त्यांपैकी एका खोलीच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता लावलेला होता. 'तुमचे वजन योग्य आहे का?' असे त्याचे शीर्षक. वर सूत्र, मध्ये सोडवून दाखवलेले एक उदाहरण आणि खाली चार रंगांचे चार पट्टे. निर्देशांक १८.५ पेक्षा कमी असेल तर निळा पट्टा, 'कमी वजन'. १८.५ ते २४.९ हिरवा, 'योग्य वजन'. २५ ते २९.९ पिवळा, 'जास्त वजन'. ३० आणि त्यापुढे लाल, 'लठ्ठ'. असे तक्ते शाळांत, दवाखान्यांत, औषधांच्या दुकानांत ठिकठिकाणी दिसतात. छापणारे वेगवेगळे असले तरी मजकूर बहुतेक एकच असतो.

मी तक्ता वाचतो आहे हे पाहून तिथले विज्ञानाचे शिक्षक जवळ आले आणि म्हणाले, "सर, ह्या तक्त्याच्या हिशेबानं त सहावीचे सारेच पोट्टे कमी वजनाचे निघून राह्यले. मंग त्याइच्यातला खरा अशक्त कोणता, हे कसं ओयखाव?"

या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात नव्हते. ते का नव्हते, हे तपासण्यासाठी हा लेख लिहिला आहे. पुस्तकांची परीक्षणे आपण करतो, तक्त्यांची करत नाही. वास्तविक पुस्तक मूल एकदा वाचते; भिंतीवरचा तक्ता ते वर्षभर वाचत असते.

तक्त्यातले बरोबर काय?

आधी गुणांची नोंद करू. शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेला बी.एम.आय., काढण्याची रीत तक्त्यात अचूक दिली आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन होणारी नेहमीची चूक टाळण्यासाठी उदाहरणही सोडवून दाखवले आहे. वजनकाटा आणि मोजपट्टी एवढ्या साहित्यात मिळणारी ही संख्या आहे. रक्त काढावे लागत नाही, यंत्र लागत नाही. खेड्यातल्या शाळेलाही जमेल असे मोजमाप सुचवणे हे तक्त्याचे मोठेच काम आहे.

दोष सूत्रात नाही, तो पट्ट्यांमध्ये आहे. हे चार पट्टे प्रौढांसाठी आखलेले आहेत, आणि ते शाळेच्या भिंतीवर आहेत. 'हे वर्गीकरण फक्त प्रौढांसाठी' अशी एक ओळही तक्त्यात नाही. वयाचा उल्लेख कुठेच नाही.

वर्गच का, घन का नाही?

या सूत्राचा जन्म बेल्जियममध्ये झाला. अ‍ॅडॉल्फ केटले हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. माणसांच्या मोजमापांवरचा त्यांचा ग्रंथ १८३५ साली प्रसिद्ध झाला. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक प्रश्न जरूर विचारावा. एखादी वस्तू आकार न बदलता सर्व दिशांनी दुप्पट केली, तर तिचे घनफळ आठपट होते. मग माणसाचे वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढायला हवे. सूत्रात वर्ग कुठून आला? उत्तर असे की, उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची सर्व बाजूंनी फुगवलेली प्रतिकृती नसते. पूर्ण वाढ झालेल्या माणसांची मोजमापे पाहिल्यावर वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते असे केटले यांना आढळले. हा भूमितीचा नियम नव्हे, निरीक्षणातून आलेला अंदाज आहे. वाढत्या वयात उंची आणि वजन यांचे नाते असे स्थिर राहत नाही, हेही केटले यांच्या ध्यानात आले होते.

पुढे १९७२ साली अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला आजचे नाव दिले. त्यांनी तपासलेली मोजमापे पाच देशांतील सात हजारांवर व्यक्तींची होती, आणि त्या सगळ्या व्यक्ती प्रौढ पुरुष होत्या. १८.५, २५ आणि ३० या मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात रूढ केल्या, त्याही प्रौढांसाठीच, आणि २५ व ३० या मर्यादांमागची माहिती मुख्यतः युरोप-अमेरिकेतील होती. प्रौढांच्या मापाने शिवलेला सदरा सहावीच्या मुलाला घातला, तर तो ढगळ होणार हे सांगायला शिंपी लागत नाही.

तीन मुले, एकच उंची

आता तक्ता प्रत्यक्ष लावून पाहू. पुढील मुले उदाहरणासाठी कल्पिलेली आहेत. तिघांचे वय बरोबर ११ वर्षे आणि उंची १४० सेंटिमीटर. म्हणजे उंचीचा वर्ग १.९६.

पहिली मुलगी ३२ किलोची. निर्देशांक १६.३. तक्ता म्हणतो, 'कमी वजन'.
दुसरी मुलगी २६ किलोची. निर्देशांक १३.३. तक्ता म्हणतो, 'कमी वजन'.
तिसरा मुलगा ४५ किलोचा. निर्देशांक २३.०. तक्ता म्हणतो, 'योग्य वजन'.

हीच मुले जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १९ वर्षे वयासाठी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संदर्भ-कोष्टकात शोधू. या कोष्टकात प्रत्येक वयासाठी मुलगे आणि मुली यांचे वेगळे मध्यक आणि मर्यादा आहेत. मध्यकाखाली दोन प्रमाण विचलनांपेक्षा जास्त अंतर असेल तर कृश, मध्यकावर एकापेक्षा जास्त असेल तर जास्त वजन आणि दोनांपेक्षा जास्त असेल तर लठ्ठ. ११ वर्षांच्या मुलीसाठी कृशतेची मर्यादा १३.९ आणि मध्यक १७.२ आहे. म्हणजे पहिली मुलगी अगदी ठीक आहे. दुसरी खरोखरच कृश आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. ११ वर्षांच्या मुलग्यासाठी लठ्ठपणाची मर्यादा २२.५ आहे, म्हणजे तिसरा मुलगा लठ्ठपणाची रेषा ओलांडून गेला आहे.

तक्त्याने तिघांपैकी एकीला उगाच घाबरवले, आणि ज्याला सांगायला हवे होते त्याला शाबासकी दिली. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत त्याचे उत्तर बरोबर आले, पण त्याचा उपयोग नाही. कारण सगळा वर्गच निळ्या पट्ट्यात असल्यावर ती त्या गर्दीत दिसेनाशी होते. बार्शीटाकळीच्या शिक्षकांची अडचण नेमकी हीच होती. गंमत म्हणजे ११ वर्षांच्या मुलींचा जागतिक मध्यकही, म्हणजे १७.२, या तक्त्यात 'कमी वजन' ठरतो!

मुलींच्या कोष्टकातील चार वये येथे देतो. क्रम असा: कृशतेची मर्यादा, मध्यक, जास्त वजनाची मर्यादा, लठ्ठपणाची मर्यादा.

६ वर्षे: १२.७, १५.३, १७.०, १९.२
११ वर्षे: १३.९, १७.२, १९.९, २३.७
१५ वर्षे: १५.९, २०.२, २३.५, २८.२
१९ वर्षे: १६.५, २१.४, २५.०, २९.७

शेवटची ओळ पाहा. वरच्या दोन मर्यादा १९ व्या वर्षी प्रौढांच्या २५ आणि ३० ला येऊन मिळतात. म्हणजे तक्त्यातील आकडे खोटे नाहीत. ते या लांब वाटेच्या शेवटच्या मुक्कामाचे आहेत. तक्त्याने मुक्काम दाखवला आणि वाट पुसून टाकली.

चढ, उतार आणि पुन्हा चढ

ही वाट सरळ चढाचीही नाही. जन्मतः मुलग्यांच्या निर्देशांकाचा मध्यक सुमारे १३.४ असतो. सहा महिन्यांत तो १७ च्या वर जातो; गुबगुबीत बाळ आपण म्हणतो ते याच वयातले. मूल चालू-धावू लागले, उंच होऊ लागले की निर्देशांक उतरतो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास १५.३ च्या आसपास तळ गाठतो. पहिलीत आलेले मूल 'वाळले' अशी आजीची तक्रार असते. पुष्कळदा तो या उताराचा परिणाम असतो, आजार नव्हे. त्यानंतर निर्देशांक पुन्हा चढू लागतो. या वळणाकडे फ्रान्समधील मारी-फ्रांस्वाझ रोलाँ-काशेरा यांनी १९८४ साली लक्ष वेधले. हे वळण जितके लवकर, तितका पुढे लठ्ठपणाचा संभव जास्त, असे त्यांना दिसले.

या वळणाचे महत्त्व आपल्या देशात दिल्लीच्या एका अभ्यासाने दाखवले. जन्मापासून नियमित मोजमाप केलेल्या १,४९२ व्यक्तींची तपासणी त्या तिशीच्या आसपास आल्यावर केली गेली आणि निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडले होते किंवा ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांचे निर्देशांक दोन वर्षांपर्यंत कमी होते. नंतर वळण लवकर आले आणि पुढे निर्देशांक वेगाने चढत गेला. बाराव्या वर्षी मात्र त्यांच्यापैकी कोणीही लठ्ठ नव्हते. बाराव्या वर्षी केलेले एकच मोजमाप त्यांना 'ठीक' म्हणाले असते. त्यांची कथा एका बिंदूत नव्हती, रेषेत होती.

शिक्षकांनी यातून घ्यायचे ते हे. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच मुलाची नोंद करून ती आलेखावर मांडली, तर मूल आपल्या रेषेने चालले आहे की रेषा सोडून वर किंवा खाली जात आहे, ते दिसते. त्यासाठी भारतीय मुलांचे आलेख उपलब्ध आहेत. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांसाठी सुधारित आलेख प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. या आलेखांत जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा प्रौढ वयातील २५ आणि ३० ला नव्हे, तर २३ आणि २७ ला जुळवलेली आहे. कारण भारतीयांमध्ये मधुमेहासारखे विकार कमी निर्देशांकालाच दिसू लागतात.

मोठ्या पाहण्यांतही तीच गल्लत

वयाचा विसर केवळ तक्ते छापणाऱ्यांनाच पडतो असे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २०.८ टक्के स्त्रियांचा निर्देशांक १८.५ पेक्षा कमी आढळला. ही टक्केवारी १५ ते ४९ वयोगटाची आहे. पंधरा वर्षांची मुलगी आणि पंचेचाळीस वर्षांची तिची आई, दोघींना १८.५ हीच मोजपट्टी. निर्देशांक १८ असलेली पंधरा वर्षांची मुलगी येथे कृश मोजली जाते. वयानुसार कोष्टकात तीच मुलगी सामान्य ठरते.

उलट, सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना वयानुसार मर्यादा लावल्या. त्या पाहणीत देशातील २४ टक्के मुले कृश निघाली. म्हणजे वयाचा विचार केल्यावर कुपोषणाचा प्रश्न नाहीसा होत नाही. तो नेमका कोठे आहे ते कळते. हे आवर्जून सांगतो, कारण 'तक्ता चुकीचा आहे, मुले ठीकच आहेत' असा सोयीचा अर्थ या लेखातून कोणी काढू नये.

वयानुसार कोष्टकातही एक खाच आहे. १९ व्या वर्षी मुलींच्या कृशतेची मर्यादा १६.५ आणि प्रौढांची १८.५. निर्देशांक १७.५ असलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी सामान्य आणि प्रौढांच्या यादीत गेली की एकाएकी कृश! हा सांधा जुळवण्यासाठी टिम कोल आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अठराव्या वर्षी १८.५, १७ आणि १६ ला मिळणाऱ्या वेगळ्या रेषा आखल्या. कोणती रेषा वापरली हे सांगितल्याशिवाय 'कृश' या शब्दाला अर्थ राहत नाही, एवढे यातून ध्यानात घ्यावे.

आजीचा निर्देशांक

तक्ता घरीही पोचतो. मुले घरी जाऊन आजी-आजोबांचा निर्देशांक काढतात. म्हणून वयाच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहायला हवे.

म्हातारपणी मणक्यांमधील चकत्या दबतात, हाडे विरळ होतात, पाठीला पोक येते आणि उंची कमी होते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे वर्षानुवर्षे त्याच व्यक्तींचे मोजमाप करून केलेल्या अभ्यासात तिसाव्या ते सत्तराव्या वर्षापर्यंत पुरुषांची उंची सरासरी ३ सेंटिमीटर आणि स्त्रियांची ५ सेंटिमीटर घटलेली आढळली. ऐंशीपर्यंत ही घट ५ आणि ८ सेंटिमीटर झाली. छेद लहान झाला की भागाकार वाढतो, हे सातवीचा विद्यार्थीही सांगेल.

समजा, तिसाव्या वर्षी आजीची उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ५० किलो होते. निर्देशांक २१.६. आज पंचाहत्तरीत उंची १४६ आणि वजन ४८. निर्देशांक २२.५. वजन दोन किलोंनी घटले तरी निर्देशांक वाढला! त्यातच या वयात स्नायू झिजतात आणि त्यांची जागा काही अंशी चरबी घेते. काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. हिरव्या पट्ट्यातली आजी खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नसेल, तर तिच्या आरोग्याबद्दल त्या पट्ट्यापेक्षा ती खुर्चीच जास्त सांगते.

मर्यादाही येथे वेगळ्या लागतात. ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या ३२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात मृत्यूचा धोका २४ ते ३१ या पट्ट्यात सर्वांत कमी होता आणि २३ च्या खाली तो वाढू लागत होता. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील आहेत, आणि आजारामुळे वजन घटलेली माणसे खालच्या गटात जमा होतात हेही एक कारण त्यामागे आहे. तेव्हा ते आकडे वऱ्हाडातल्या आजोबांना जसेच्या तसे लावू नयेत. पण बोध स्पष्ट आहे. तरुणाला पोट कमी करण्याचा सल्ला ज्या आकड्यावरून देतो, त्याच आकड्यावरून सत्तरीच्या माणसाला जेवण कमी करायला सांगणे धोक्याचे ठरू शकते. या वयात नकळत घटलेले वजन ही जास्त काळजीची गोष्ट असते.

वय लिहिले म्हणजे संपले का?

नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मापासूनच दिसला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. तरीही आपल्या बाळांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती; कमी होते ते स्नायू. म्हणजे निर्देशांक वाचताना वयासोबत वंश आणि जन्मापूर्वीचे पोषणही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरी उणीव आपल्या भागात अधिक महत्त्वाची आहे. ११ वर्षांची एक मुलगी १२५ सेंटिमीटर उंच आणि २४ किलो वजनाची असेल, तर तिचा निर्देशांक १५.४ येतो, वयानुसार सामान्य. पण त्या वयाच्या मुलींच्या उंचीचा मध्यक १४५ सेंटिमीटर आहे. ही मुलगी खुरटलेली आहे, बहुधा लहानपणी दीर्घकाळ पुरेसे न मिळाल्यामुळे. उंची आणि वजन दोन्ही कमी असल्याने भागाकार नीट येतो आणि अपुरे पोषण लपते. म्हणून शाळेच्या नोंदीत निर्देशांकाआधी उंची वयाशी ताडून पाहावी.

तक्ता काढावा की सुधारावा?

माझ्या मते सुधारावा. पट्ट्यांच्या वर ठळक अक्षरांत 'फक्त २० वर्षांवरील व्यक्तींसाठी. वृद्धांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असे लिहावे. भारतीय प्रौढांसाठी २३ पासूनच सावध राहावे, हेही त्यात यावे. शेजारी मुलांचा आणि मुलींचा वेगवेगळा वयानुसार आलेख लावावा. नोंदवहीत वय पूर्ण वर्षांत नव्हे, वर्षे आणि महिने यांत लिहावे. एके काळी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख टाकत. तशी अंदाजी तारीख येथे चालणार नाही. उंची मोजताना चप्पल काढावी, टाचा भिंतीला टेकाव्यात. १४० ऐवजी १४२ सेंटिमीटर नोंदले, तर आपल्या पहिल्या मुलीचा निर्देशांक १६.३ वरून १५.९ वर येतो.

आणखी एक विनंती. वर्गात सर्वांसमोर नाव घेऊन कोणाचाही निर्देशांक वाचून दाखवू नये. तेराव्या-चौदाव्या वर्षी शरीर झपाट्याने बदलत असते. त्याच वयाच्या दोन मुली वाढीच्या दोन वेगळ्या टप्प्यांवर असू शकतात. अशा वेळी 'लठ्ठ' किंवा 'कुपोषित' हा शिक्का आकड्यापेक्षा जास्त काळ टिकतो. रेषा सोडणारे मूल दिसले तर पालकांना बाजूला घेऊन सांगावे आणि शाळेत तपासणीसाठी येणाऱ्या वैद्यकीय पथकाला दाखवावे. निदान करणे हे त्यांचे काम. मूल वेळेत त्यांच्यापर्यंत पोचवणे हे आपले.

बार्शीटाकळीच्या त्या शिक्षकांना मी परत आल्यावर वयानुसार आलेख पाठवले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर वर्गाच्या हजेरीपटातच होते. तक्त्याने कधीच न विचारलेली जन्मतारीख तिथे प्रत्येक नावापुढे लिहिलेली असते.